आत जनावर हाय

आमच्या घाटनांदूरकडं सापाला कुणी साप म्हणत नाही. दिवसाउजेडी, चार लोकांत, एखाद्या वेळी म्हणतील. पण घरात, अंगणात, रानात निघाला की तो 'जनावर'. "न्हाणीत जनावर निघालं." "कडब्यात जनावर हाय, हात घालू नको." नाव घेतलं की ते ऐकतं आणि येतं, असं माझी आई सांगायची. मी ते माझ्या लेकीला सांगितलं. लेक प्राणिशास्त्र शिकली आणि मला हसली, पण तिच्याही तोंडात शब्द तोच बसलाय. आता बैलाला, म्हशीलाही जनावरच म्हणतात, ते वेगळं. कोण कशाबद्दल बोलतंय ते बोलण्याच्या सुरावरून कळतं. निदान मला तसं वाटायचं.

गावात आमची पिठाची गिरणी आहे. नवरा शेत बघतो, गिरणी मी बघते. जात्याच्या घरघरीत बोलून बोलून माझा आवाज असा झालाय की मी कानात बोलले तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं. लेक लहानपणापासून माझा दंड धरून म्हणते, "आई, हळू." लग्नात, एसटीत, दवाखान्यात, सगळीकडं आपलं "आई, हळू." मला असा राग येतो! देवानं आवाज दिलाय तो काय पेटीत घालून ठेवायला?

ही माझी एकच. तिच्या आधीची दोन राहिली नाहीत. म्हणून तिला मी लाडावलं असं लोक म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, लाडावलंच. ती अंबाजोगाईला एमएस्सी करते आणि बारक्या वटवाघळांचा अभ्यास करते. आम्ही त्यांना पाकोळ्या म्हणतो. पोरीच्या जातीनं पाकोळ्यांच्या मागं हिंडावं, हे आमच्या घराण्यात सात पिढ्यांत झालं नव्हतं. तिला कुणीतरी सांगितलं की आष्टीकडच्या डोंगरात नदीच्या पोटात एक कपार आहे, तिच्यात बारा महिने पाणी असतं, पाकोळ्यांनी छत काळं झालेलं असतं आणि आतल्या डोहात रंग उडालेले पांढरट मासे आणि खेकडे आहेत. झालं. खाणं गोड लागेना. सोबत येणारी मैत्रीण ऐन वेळी तापानं पडली, तर ही म्हणते, मी एकटी जाते.

"एकटी? डोंगरात? गाढवे, मेंदू जागेवर आहे का?" मी म्हणाले. "मी येते."

तर मला पाकोळ्यांचं काडीचंही कौतुक नव्हतं. मी गेले ती माझी पोर जशी नेली तशी परत आणायला.

दिवाळी होऊन बरेच दिवस झाले होते. आदल्या दिवशी एसटीनं बीड करत आष्टीला पोचलो. लिंबागणेश आलं तेव्हा मी खिडकीतूनच हात जोडले आणि लेकीसाठी मागायचं ते मागून घेतलं. नवऱ्याच्या लांबच्या नात्यात मुक्काम केला नि सकाळी एका टमटममधून डोंगराच्या फाट्यावर उतरलो. टमटमवाला पोरगेला होता. म्हणाला, "मावशी, सांजच्याला येतो न्यायला. पण उजेडी या. अंधार पडला की मी थांबत नसतो."

"कावून रे? अंधारात खातंय का काय कुणी तुला?"

तो हसला नाही. गाडी वळवून निघून गेला. मी लेकीला म्हणाले, आष्टीची माणसं भलतीच तुसडी दिसतात. ती म्हणाली, "आई, हळू, ऐकू जाईल त्याला."

फाट्यावरून पायवाटेनं वर गेलं की एक वस्ती लागते. सगळ्या घरांना कुलपं. अख्खी वस्ती ऊस तोडायला गेलेली; आता पाडव्याच्या आसपासच ही माणसं माघारी येणार. कोंबडीसुद्धा नव्हती कुठं. बंद दारांपुढं बाभळीच्या काटेरी फांद्या लावून ठेवलेल्या होत्या. चोरांसाठी असतील असं मला वाटलं, पण चोरानं न्यावं असं त्या घरांत काय असणार? एका दारापुढं लहान लेकराची एकच चप्पल पडलेली होती, ती बघून मला उगाच कसंतरी झालं. मी लेकीला म्हटलं, चल लवकर.

शेवटचं घर तेवढं उघडं होतं. त्याच्याभोवती तर काट्यांचं कुंपण माझ्या डोक्याच्याही वर होतं. आत अंगणात साठी उलटलेली एक बाई शेळ्यांना पाला टाकत होती. तिची पोरं-सुना तोडीला गेलेली, शेळ्या सांभाळायला ती मागं राहिलेली. तिनं आम्हाला तांब्याभर पाणी दिलं आणि कुठं निघालात म्हणून विचारलं.

"नदीच्या कपारीत," मी म्हणाले. "पोरीला पाकोळ्या बघायच्यात."

तिचा पाला टाकणारा हात थांबला. "नका जाऊ बाई. आत जनावर हाय."

मला हसू आलं. "जनावर व्हय! आमच्याकडं बी लई हायत, मावशी."

"लई?"

"लई म्हंजे! पावसाळ्यात तर घरात येतेत. मागल्या साली न्हाणीत येऊन बसलं, मी झाडूनं हाकललं. माझ्या सासूनं तर चुलीमागचं एक फुंकणीनं ठेचलंतं."

ती बाई माझ्याकडं बघतच राहिली. आधी तोंडाकडं, मग हातांकडं. "फुंकणीनं?"

"फुंकणीनं! जागच्या जागी."

"बया! बया!" तिनं पदर तोंडाला लावला. "धाडसाच्या बाया हाव बाबा तुमी."

मी कौतुकानं फुगले. सासूचं नाव त्या दिवशी मी पहिल्यांदाच अभिमानानं घेतलं असेल.

बिबट्याच्या बातम्या आम्हालाही माहीत असतात. मोबाईल उघडला की रोज कुठं ना कुठं दिसलेला असतोच. पण माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं की बिबट्या म्हणजे उसाच्या पट्ट्यातली गोष्ट. जिथं ऊस तिथं बिबट्या. आणि इथली माणसं तर ऊस तोडायला परमुलखात जातात, कारण इथं ऊसच नाही. मग इथं तो कशाला येईल? असं मी स्वतःशी बोलले नाही, बोलायची वेळच आली नाही. जनावर म्हटलं आणि माझ्या डोळ्यांपुढं सापच आला.

बाई मग गंभीर होऊन सांगायला लागली. "जाताच तर ऐका. तितं वाकू नका. काय बी झालं तरी वाकू नका, खाली बसू नका. पळू तर अजिबात नका. पोरीला एकलीला मोरं-मागं सोडू नका."

सगळं मला पटत गेलं. वाकून दगडाच्या फटीत हात घातला की डसतं. पळालं की पाय पडतो. ती एकेक सांगत होती नि मी मान हलवत होते, आणि तिचा एकही शब्द माझ्या सापाला लागू पडला नाही असं झालं नाही. आता आठवलं की डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

लेक शेळ्यांचे फोटो काढत होती. बाई तिच्याकडं बघत म्हणाली, "लेक एकलीच व्हय?"

"एकलीच."

मग तिनं तोंडानं "यू यू, यू यू" केलं आणि घरामागून एक तांबडं कुत्रं शेपूट हलवत आलं. एक कान फाटलेला, दात पिवळे, पण अंगानं चांगलं भरलेलं. तिनं टोपल्यातून भाकरीचा चतकोर काढून त्याला हातानं भरवला. मग खुंटीवरचा पट्टा काढला. चामड्याच्या पट्टीवर पत्रा ठोकलेला आणि त्यातून खिळ्यांची टोकं बाहेर आलेली. तो तिनं कुत्र्याच्या मानेला बांधला, दोनदा ओढून बघितला.

"हे कशाला, मावशी?"

"असू द्या. घेऊन जावा ह्याला."

"कशाला उगी? आमच्यापाशी काठी हाय."

"घेऊन जावा म्हंते ना!" ती एकदम खेकसली.

कुत्रं यायला तयार नव्हतं. आमच्याबरोबर चार पावलं यायचं आणि परत तिच्या पायांत जाऊन बसायचं. शेवटी तिनं काठी उगारली, जमिनीवर आपटली, तेव्हा ते आलं. मी मागं वळून निरोपाचा हात करावा म्हटलं तर ती घरात निघून गेलेली. माणूस दारात उभं राहून वाटेला लावतं. हिचं मला विचित्र वाटलं.

नदी म्हणजे त्या दिवसांत काळ्या धोंड्यांची रांग आणि मधे मधे साचलेलं हिरवं पाणी. दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ जवळ येत जातो. मी काठी आपटत पुढं, लेक मधे, कुत्रं मागं. लेकीच्या बुटाची नाडी सारखी सुटत होती आणि ती बांधायला ती सारखी खाली बसत होती. "तुला एवढं शिकवलं, नाडी बांधायची तेवढी राहिली," मी म्हणाले. ती हसली. ती आत जायच्या आधी हसलेली मला तेवढीच आठवते.

कपार जवळ आली तशी कड्यावरची वानरं ओरडायला लागली. खॅक, खॅक, असं थांबून थांबून. मी म्हणाले, "बघ, तुझ्यावर खवळलीत." लेक वर बघत उभी राहिली. म्हणाली, "आई, ती आपल्याकडं बघत नाहीयेत."

खरंच बघत नव्हती. सगळ्यांची तोंडं पलीकडच्या करवंदीच्या जाळीकडं होती. पण तिचा हात मोबाईलकडं गेला आणि माझं लक्ष पायाखाली, कारण मी आपली साप शोधत होते.

पावसाळ्यात तिथं वरून धबधबा पडत असणार. त्याच्या मागं, कड्याच्या पोटात, आडवी लांबलचक कपार आहे. तोंडाशी वाळू, मग काळं पाणी आणि मग अंधार. आतून गार वारा येत होता. लेक तर हरखून गेली. कुत्रं मात्र वाळूवर येताच बसलं. शेपूट पोटाखाली, मान खाली, आणि घशातून बारीक बारीक रडणं. मी चुचकारलं, भाकरी दाखवली, शेवटी ओरडले, "मेल्या, ये की! तुझ्या भरवशावर धाडलंय तिनं आम्हाला!" तर ते आणखीनच चपापलं. तोंड आमच्याकडं नाही, बाहेर नदीकडं.

"राहू दे त्याला," लेक म्हणाली. "आणि आई, आत हळू बोलायचं. खरंच हळू. पाकोळ्या उठल्या तर आजचा दिवस वाया."

"जनावर असलं तर काठी आपटायला पाहिजे."

"काठीपण नको. मी बघून पाय टाकते."

म्हणजे मला ठाऊक असलेलं एकुलतं एक शस्त्रही तिनं काढून घेतलं. मी तोंडाला कुलूप लावलं आणि आत गेले.

आतलं सांगते. पहिलं दालन उंच आहे, नीट उभं राहता येतं. छत सगळं हलत होतं. आधी वाटलं, आपल्यालाच चक्कर येतेय. मग टॉर्चच्या लाल उजेडात दिसलं की त्या पाकोळ्या आहेत, एकमेकींना चिकटून, अंग चाटत, मधूनच किचकिचत. भिंतीवर विंचवासारखे चपटे किडे, नांगी नाही पण हातभर लांब मिशा. लेक माझ्या कानाशी कुजबुजली की हे काही करत नाहीत. काही करत नाहीत म्हणे! माझ्या अंगावर काटा आला. पाण्यात खेकडे होते ते शिजवलेल्या भातासारखे पांढरे. मी टॉर्च मारली तरी एकही पळाला नाही. उजेड म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नसावं. मला ते अजिबात आवडलं नाही. पळत नाही त्या प्राण्याची मला भीती वाटते.

दालनाच्या टोकाला छत खाली येतं. गुडघाभर पाणी आणि वर दगड, मधे रांगत जाता येईल एवढीच फट. मासे त्याच्या पलीकडच्या डोहात. लेकीनं पिशवी माझ्याकडं दिली.

"मावशीनं वाकू नका म्हणून सांगितलंय," मी म्हणाले.

"आई, वाकल्याशिवाय कसं जाऊ? फटीत हात घालत नाही, शपथ. लगेच येते."

आणि ती वाकली. आधी डोकं, मग पाठ, मग ते सैल नाडीचे बूट. पाण्याचा डुबुक डुबुक आवाज लांब गेला. मग नुसता तिच्या टॉर्चचा उजेड फटीच्या कडेला हलत राहिला.

मी उभी राहिले. वास पहिल्यापासून येत होता, पाकोळ्यांच्या विष्ठेचा, डोळ्यांत झोंबणारा. त्या वासाला नाक सरावलं तेव्हा त्याच्या खालचा दुसरा वास कळायला लागला. मांजर मुतल्याचा वास. गिरणीत उंदरांसाठी मांजर ठेवते मी, त्यामुळं तो वास मला झोपेतही ओळखू येतो. पण हा फार होता. दहा मांजरं कोंडून ठेवल्यासारखा. मी म्हणाले, इथं मांजर कुठून येणार? टॉर्च फिरवली. भिंतीला लागून एक सपाट दगड होता, त्याच्यावर केस आणि हाडं. शेळीचा खूर. तरी मन म्हणत होतं, कोल्हं असेल.

मग मी पायाशी बघितलं. पाण्याच्या कडेच्या गाळात पाऊल उमटलेलं होतं. मी म्हटलं, कुत्र्याचं. आणि मग आठवलं की कुत्रं आत आलेलंच नाही.

रोज सकाळी मी गिरणी उघडते तेव्हा फरशीवर पीठ बसलेलं असतं आणि त्यात रात्रीची पावलं असतात. कुत्रं शिरलं असेल तर पुढं नखांचे टोचे दिसतात. मांजराचे दिसत नाहीत, नुसते गोल ठसे. या पावलाला नखं नव्हती. मांजराचंच पाऊल होतं ते, आणि माझा तळहात त्यावर ठेवला असता तर जेमतेम झाकलं असतं. त्यात पाणी अजून झिरपत होतं.

जनावर.

वाकू नका. पळू नका. काट्यांचं कुंपण, बंद दारांपुढच्या बाभळी, खिळ्यांचा पट्टा, वानरांची तोंडं. सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं. मी मटकन खाली बसणारच होते. बसले नाही, ते त्या बाईच्या शब्दामुळं.

त्याच वेळी बाहेर कुत्रं भुंकलं. दिवसभरात पहिल्यांदा. दोनदा भुंकलं, तिसरं भुंकणं अर्धंच आलं. मग वाळूवर काहीतरी घसटल्याचा आवाज. मग काहीच नाही.

म्हणजे ते आत नव्हतं. ते आमच्या आधीच बाहेर पडून जाळीत बसलं होतं आणि आता तोंडाशी होतं, आणि माझी पोर फटीच्या पलीकडं पाण्यात चारी पायांवर होती.

हाक मारायला तोंड उघडलं आणि जिभेवर आलं ते काय, तर "जनावर!" तो शब्द मी गिळला. जनावर म्हटलं असतं तर ती जागच्या जागी थांबली असती. साप दिसला की हलायचं नाही, हे मीच तिला चालायला यायच्या आधीपासून शिकवलेलं. थांबली असती आणि काठी आपटायची वाट बघत बसली असती. नाव घ्यायलाच पाहिजे होतं. आयुष्यात मी अंधारात कुठल्या जनावराचं नाव घेतलेलं नव्हतं. माझी जीभ जड झाली, खोटं नाही सांगत, दातांत अडकली. आणि मग गिरणीचा पट्टा सुटावा तसा माझा आवाज सुटला.

"वाघ! पोरी, वाघ आहे! बिबट्या! भायेर ये! भायेर ये माझे आई!"

छत खाली कोसळलं. पाकोळ्या माझ्या तोंडावर, केसांत, पदरात. मी ओरडत राहिले. काठी खडकावर, पिशवीतला जेवणाचा डबा काठीवर, जे हाताला लागलं ते बडवत राहिले. जगात मला येणारे सगळे शब्द संपले तेव्हा मी गिऱ्हाइकांची नावं ओरडत होते, बाजरी कुणाची, ज्वारी कुणाची. लेक त्या फटीतून कशी निघाली मी बघितलं नाही. तिनं माझा दंड धरला तेव्हाच कळलं. गुडघे फुटलेले, ओठ पांढरे. मी सवयीनं थांबले, ती आता "आई, हळू" म्हणेल म्हणून.

ती म्हणाली, "आई, ओरड. थांबू नको."

आम्ही एकमेकींना धरून, ताठ उभ्या, डबा बडवत, पायानं वाट चाचपत बाहेर आलो. बाहेर स्वच्छ ऊन होतं. वाळूवर कुत्रं बसलं होतं तिथं खळगा, आणि तिथून करवंदीच्या जाळीपर्यंत ओढल्याची रुंद रेघ. जाळीपाशी पट्टा पडलेला. चामडं तुटलेलं, दोन खिळे वाकलेले, आणि त्यावर थोडं ओलं. मी काठीनं पट्टा जवळ ओढला. वाकायला नको म्हणून. वानरं गप्प होती.

मी त्याला बघितलं नाही. शेपटाचं टोकसुद्धा नाही. त्यानं मात्र आम्हाला बघितलं असणार, जाताना आणि येताना.

वाटेतही मी डबा बडवतच होते. वस्ती दिसली तशी माझी भीती गेली आणि तिच्या जागी राग आला. असा राग की कानशिलं तापली. माझी एकुलती एक पोर! एक शब्द, एक सरळ शब्द म्हटला असता तर आम्ही फाट्यावरूनच माघारी फिरलो असतो. कुंपणाच्या आत पाय टाकतानाच माझं तोंड सुरू झालं.

बाई उंबऱ्यावरून उठली. तिनं आधी माझ्या लेकीकडं बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, गुडघ्यांवरचं रक्त बघितलं, तिचे दोन्ही हात हातांत घेऊन उलटेपालटे करून बघितले. मग आमच्या मागं, वाटेकडं बघितलं.

मी पट्टा पुढं केला. तिनं घेतला. पदरानं पुसला आणि एक वाकलेला खिळा अंगठ्यानं सरळ करायला लागली. तो होत नव्हता.

"अवं मावशी, वाघ म्हणायला काय झालंतं तुमाला?" मी किंचाळले. "जनावर, जनावर! आमच्याकडं सापाला म्हंतेत जनावर!"

"सापाला?" तिनं मान वर केली. "सापाला आमी लांबडं म्हंतो." आणि मग तिला माझी सासू, माझा झाडू, ती फुंकणी, सगळं कळलं असावं. पण ती हसली नाही. "त्याचं नाव घेत न्हाईत हितं. त्यानं माझा नातू नेला. त्या दिसापासून वस्तीत कुणी घेत न्हाई."

मला वाटेतली ती एकच चप्पल दिसली. माझा राग कुठच्या कुठं गेला.

"तुमी बोललात, हाकलतो म्हनून," ती शांतपणे म्हणाली. "तुमच्यावर माझा इस्वास बसला व्हता. पन पोरगी एकली. ते माणसाआदी कुत्रं बघतं. कुत्रं घावलं की माणूस सोडतं." तिनं पट्टा खुंटीला अडकवला. "न्हाई तर कुत्रं कावून दिलं असतं मी?"

लेक तिच्या पायांवर पडली. मी तिथंच अंगणात उभी राहून हुंदके देऊन रडले, सबंध वस्तीला ऐकू जाईल असं, पण वस्तीत होतं कोण? मी म्हणाले, आमच्याबरोबर चला, आष्टीला राहा, घाटनांदूरला चला, पाहिजे तितके दिवस राहा. ती म्हणाली, "आन् शेळ्या?" मग ऊन कलल्याचं दाखवून तिनं आम्हाला काढूनच दिलं.

ते तांबडं कुत्रं आजवर तिथं रात्री कुंपणाच्या आत निजत असणार. आता तिच्यात आणि त्या डोंगरात बाभळीच्या फांद्या तेवढ्या राहिल्या. मी हे लेकीला बोलून दाखवलं नाही. तिच्या बुटाची नाडी सुटून मातीत ओढत चालली होती. तिला दिसत होती, मलाही दिसत होती. फाट्यापर्यंत दोघींपैकी कुणी वाकलं नाही.

वस्तीच्या शेवटच्या कुलपापाशी पोचलो तेव्हा मागून हाक आली. "यू यू. यू यू." आम्ही दोघी थांबलो. कुत्र्याला भाकर घालायची वेळ झाली असेल, तिनं सवयीनं चतकोर मोडला असेल. तिसऱ्यांदा हाक आली नाही. मग दारापुढं काटे ओढल्याचा आवाज आला, आणि लेकीनं माझा दंड घट्ट धरला.